वहिनीचा ठेका

बँडमधली माणसं तिला वहिनी म्हणायची, म्हणून बँड ऐकायला येणारेही वहिनीच म्हणायला लागले. छातीपर्यंत दाढ्या वाढवलेले, दंडावर कवट्या गोंदवलेले बाप्ये कार्यक्रम संपल्यावर तिच्यापुढे उभे राहायचे आणि "वहिनी, एक सही" म्हणून अजिजीनं बघायचे. ही बया घामानं निथळत, मनगटांना ओली फडकी गुंडाळून, "आधी हात पूस, मग कागद दे" असं त्यांना दटावायची. दिवसा ती इस्पितळाच्या धुलाईखात्यात होती. वाफेवर तापलेल्या मोठ्या रुळांच्या एका बाजूनं चादरी आत घालायच्या आणि दुसऱ्या बाजूनं ओढून घडी करायची, हे तिचं काम. त्यामुळे दंड असे की भरलेली गोणी सहज उचलावी. ड्रम वाजवायला आणखी काय लागतं?

बँडचं नाव 'गोणपाट'. हसू नका. पवित्र शास्त्रातली माणसं शोक करायची, पश्चात्ताप करायची, तेव्हा अंगावर गोणपाट घालायची आणि डोक्यावर राख टाकून घ्यायची. नाव तिथून आलं. ते सुचलं तिच्या नवऱ्याला, आणि नुसतं नाव ठेवून गप्प बसेल तर तो नवरा कसला! चौघांना खरोखरचे बारदानाचे सदरे पाहिजेत म्हणाला. ते शिवले कोणी? वहिनीनं, आणखी कोण शिवणार? पहिल्याच कार्यक्रमात सगळ्यांच्या अंगाची अशी आग झाली की गिटारवाला गाणं सोडून खाजवत सुटला. मग तिनं इस्पितळानं टाकून दिलेल्या चादरींचं अस्तर आतून लावलं, तेव्हा कुठे जीव थंड झाला.

नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. तिथे त्याला सगळे 'हॉर्न' म्हणायचे, कारण बसखाली उताणा पडून त्यानं पाना मागितला की पलीकडच्या शेडमधला माणूस दचकायचा. गिटारवाला म्हणजे वहिनीचा सख्खा धाकटा भाऊ, मोबाईल दुरुस्त करणारा. चौथा सुतार. तो बास गिटार वाजवायचा आणि त्याच्याच कारखान्यात, अर्धवट दारं आणि खिडक्यांच्या चौकटींमध्ये, भुशावर पाय रोवून तालमी चालायच्या. एवढाच बँड, आणि चौघंही एकाच चर्चची.

मेटल म्हणजे काय, हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळत नाही. गिटारचा सूर खाली, खाली, अगदी तळाला नेऊन लावलेला, ड्रम म्हणजे पत्र्यावर गारा, आणि गाणारा गातच नाही, पोटातून गुरगुरतो. नव्या माणसाला एक अक्षर समजत नाही. समजलं असतं तर त्याच्या लक्षात आलं असतं की हॉर्न नुसती देवाला हाक मारतोय. कुठे आहेस, का बोलत नाहीस, आम्ही काय केलं होतं. सगळी गाणी याच जातीची.

याला कारण होतं. हॉर्न आणि वहिनीचं एकुलतं मूल पाळण्यात घालण्याआधीच गेलं होतं. दफनाच्या वेळी चर्चचा गायनवृंद गायला, नेहमीसारखा गोड, चार आवाजांच्या मेळात, कुठे खरखर नाही. हॉर्न स्वतः त्याच वृंदात लहानपणापासून होता. घरी आल्यावर तो वहिनीला म्हणाला, "ही काय गायची रीत झाली गं? कुणी मेलं तरी गोड, कुणाचं लग्न झालं तरी गोड." आणि मोरीत जाऊन, नळ सोडून, तो असा ओरडला की शेजारीण दार ठोकायला आली. वहिनीला ते ऐकून बरं वाटलं. तिलाही तसंच ओरडायचं होतं, तिचा आवाज मात्र निघत नव्हता. पुढे सुतारानं कुठूनसा जुना ड्रमसेट आणला, आणि निघाला नाही तो आवाज तिनं हातातून आणि पायांतून काढला.

चर्चमध्ये बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी चौघांना पुढे बोलावलं. पाळकसाहेब काही दुष्ट नव्हते. मवाळ माणूस, बोलताना स्वतःच्याच बोटांकडे बघायचे. पण घाबरट, आणि घाबरट माणूस मोठमोठं बोलतो. म्हणाले, "असा आवाज प्रार्थनेतून येत नाही. तो कुठून येतो, हे मी इथं उच्चारणार नाही." मागच्या बाकांवर कुजबुज झाली. हॉर्नच्या अंगाचा तिळपापड झाला. तो सगळ्या मंडळीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याच्या त्या आवाजात म्हणाला, "हा आवाज देवानं दिलेला नसेल, तर देवानंच तो काढून घ्यावा!"

आणि अख्खं चर्च म्हणालं, "आमेन."

आता यात कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. कुणीही मोठ्यानं 'देवानं अमुक करावं' म्हटलं की तोंडातून आमेन आपसूक पडायचं. म्हाताऱ्या झोपेतही म्हणायच्या. पाळकसाहेब म्हणाले, सुतार म्हणाला, धाकटा म्हणाला, वहिनीही म्हणून गेली. म्हटल्यावर सगळ्यांना कळलं आपण काय म्हटलं ते. कुणीतरी उगाचच खोकलं.

बाहेर आल्यावर धाकटा पोट धरधरून हसला. "ताई, तूसुद्धा! भावोजींचा गळा कापायला सगळे तयारच बसलेत." वहिनीही हसली. हॉर्न हसला नाही. तो म्हणाला, "बरं झालं. आता देवाला माहीत आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. आवाज आहे तोवर मी खरा."

तिथून पुढे बँडची बरीच वर्षं दोन्हीकडून शिव्या खाण्यात गेली. चर्चवाले सैतानाचे म्हणायचे आणि मेटल ऐकणारे देवळातले उंदीर म्हणायचे. बिअरच्या एका हॉलमध्ये हॉर्ननं दोन गाण्यांच्या मधे साक्ष द्यायला सुरुवात केली, म्हणजे देवानं आपल्याला दुःखात कसं धरून ठेवलं ते सांगायला, तर मागून कुणीतरी ओरडलं, "प्रवचन नको, वाजव!" आणि बाटली भिरकावली. ती लागली सुताराला. सुतार कपाळावर टाके घेऊन दुसऱ्या दिवशी दारं बसवायला गेला. तरी बँड चालू राहिला. जुनी व्हॅन वहिनी चालवायची, कारण बाकी तिघं भांडायचे आणि भांडताना समोर बघायचे नाहीत.

त्या वेळची गाणी वेगवान होती. वहिनीचे दोन्ही पाय पेडलवर असे पळायचे की बघणाऱ्याला धाप लागावी. दिवसभर रुळांपाशी उभी राहून आलेली बाई, पण ड्रमवर बसली की वेगळीच. हॉर्न पुढे, त्याची पाठ तिच्याकडे. कार्यक्रमात तिला त्याचं तोंड कधी दिसायचंच नाही. जे कळायचं ते पाठीवरून. खांदे वर गेले की श्वास घेतला, मान खाली गेली की ओळ संपत आली. लोकांना वाटतं गाणारा ड्रमच्या मागून जातो. या बँडमध्ये ड्रम त्या पाठीच्या मागून जायचा.

मग हॉर्नचा आवाज बदलायला लागला. आधी नुसती खरखर, आठवडा गेला तरी न जाणारी. मग आवाज खाली उतरला, जाड झाला, त्याला दुहेरी धार आली. दुसरा कुणी गाणारा असता, लग्नात गाणारा, गायनवृंदातला, तर लोकांनी त्याला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. इथे काय झालं? इथे टाळ्या पडल्या. धाकटा तालमीत गिटार खाली ठेवून म्हणाला, "भावोजी, हे काय काढलंत! पुन्हा करा, पुन्हा करा." सुतारानं डोळे पुसले. बसलेला घसा हेच ज्यांचं भांडवल, त्यांना घसा बसल्याचं कसं कळणार? आणि हॉर्न तर हरखून गेला होता. जन्मभर मागितलेला आवाज एकदाचा देवानं दिला, असं तो साक्षीत सांगायला लागला.

घरात वेगळं चित्र होतं, आणि ते एकट्या वहिनीला दिसत होतं. हॉर्न पाव चहात बुडवल्याशिवाय खाईना. मग तोही अडकायला लागला. कान दुखतो म्हणायचा, उजवाच. सारखा घसा खाकरायचा. जिना चढला की श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजायची. ती म्हणाली, "अरे, दाखवून ये. आमच्याच इस्पितळात आहे घशाचा डॉक्टर."

"आणि तो म्हणाला गाणं बंद करा, तर?"

"तर बंद करायचं."

"आणि चर्चमध्ये काय तोंड दाखवू?" तो म्हणाला. "सगळ्यांसमोर बोललोय मी. सगळे आमेन म्हणालेत. मी डॉक्टरकडे गेलो म्हणजे काय झालं? म्हणजे मीच म्हणालो ना, की देव घेतोय! देवाचं आणि माझं बोलणं झालंय. तू मधे पडू नकोस."

तिनं जिवाचं रान केलं. ओरडून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला. सुताराला सांगितलं, तर तो म्हणाला, "वहिनी, आवाज तर दिवसेंदिवस सुधारतोय." तिनं कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी तिच्या हातात जे होतं ते तिनं केलं. तिनं ठेका सैल सोडला. एका कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला तिला पाठीवरून दिसलं की खांदे वर जाताहेत आणि तिथेच अडकताहेत. श्वास पुरत नाहीये. तिनं पाय जरा मागे घेतले. बाकीच्यांना नाइलाजानं तिच्यामागून यावं लागलं. ओळींच्या मधे जागा झाली, त्या जागेत हॉर्ननं श्वास घेतला, गाणं पार पडलं. पुढच्या वेळी तिनं दुसरंही गाणं हळू केलं. मग सगळीच. धाकटा उखडला. "ताई, पेंगतेस काय?" ती म्हणाली, "हात दुखतात रे, वय झालं." आणि सगळ्यांनी ते खरं मानलं. वयाची तक्रार बाईनं केली की कुणी उलट विचारत नाही.

आणि मग नशिबानं काय चेष्टा करावी! या हळू गाण्यांमुळेच लोकांनी 'गोणपाट'ला डोक्यावर घेतलं. त्या चालीतच त्यांनी एक रेकॉर्ड केली आणि ती लांबलांबपर्यंत पोचली. इतका जड, इतका सावकाश, जमिनीखालून आल्यासारखा आवाज कुणी ऐकला नव्हता म्हणे. जाणकारांनी लिहिलं की या बँडला आपली चाल सापडली. कसली चाल आणि कसलं काय! एका माणसाच्या गळ्यात गाठ वाढत होती आणि त्याची बायको त्याला श्वास घ्यायला जागा करून देत होती. त्याला लोक कला म्हणाले. हॉल भरायला लागले. बाटल्या फेकणारेच आता डोळे मिटून डोलायचे, आणि तिला वाटायचं की काड्या फेकून खाली उतरावं आणि एकेकाला धरून हलवावं.

ती गुपचूप घशाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पटपट बोलायच्या. वहिनीनं पाव सांगितला, कान सांगितला, शिट्टी सांगितली. बाईंचं लिहिणं थांबलं. "उद्या घेऊन या," त्या म्हणाल्या. "गाठ असेल तर अजून आवाजही वाचेल कदाचित. पण उद्या म्हणजे उद्या."

त्याच संध्याकाळी पाळकसाहेब सुताराच्या कारखान्यात आले. कधी नव्हे ते. आता म्हातारे झाले होते. रंधा मारलेल्या फळीवर रुमाल पसरून बसले, बोटांकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "तुमचं ऐकून कितीतरी तरुण मुलं चर्चमध्ये यायला लागलीत. मी तेव्हा बोललो ते कदाचित चुकलं असेल. येत्या महिन्यात आपल्या चर्चमध्येच गा. वेदीसमोर."

हॉर्न लहान मुलासारखा रडला. आणि वहिनीला कळलं की आता उद्याचं जमत नाही.

तरी तिनं घरी आल्यावर सांगितलं, डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते सगळं, एक शब्द न गाळता. तो खाली बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. बराच वेळ सोडतच राहिला. मग म्हणाला, "चर्चचं होऊ दे. मग तू म्हणशील तिथे येतो. शपथ."

"तोवर उशीर झाला तर?"

"एवढं एकच मागतोय गं."

तिनं त्याचं ऐकलं. पुढे तिला पुष्कळांनी विचारलं की तेव्हा तू ऐकलंसच का. सोपं आहे विचारणं. वीस वर्षं ज्या दारातून माणसाला हाकललं, ते दार उघडल्यावर 'आत जाऊ नकोस' असं त्याला त्याच्या बायकोनं सांगायचं, हे ज्याला जमेल त्यानं बोलावं.

कार्यक्रम रविवारी दुपारी झाला. चर्च खचाखच भरलेलं. पुढच्या बाकांवर म्हाताऱ्या कानांत कापूस घालून, पण जागेवर. मागे काळ्या कपड्यांतली मुलं. वेदीच्या पायऱ्यांवर बारदानाच्या सदऱ्यातला हॉर्न. पहिली गाणी कशी गेली ते वहिनीला आठवत नाही. ती नुसती पाठ बघत होती. शेवटचं गाणं त्यांच्या मुलाच्या दफनानंतर लिहिलेलं, सगळ्यांत जुनं. पूर्वी ते वाऱ्यासारखं जायचं. त्या दिवशी तिनं ते हळू केलं, मग आणखी हळू, आणि तरीही खांदे वर गेले ते खाली येईनात. ठेका आणखी सैल केला तर तो ठेका राहत नाही, नुसते सुटे आवाज होतात. तिनं तेही करून पाहिलं. मग काड्या खाली ठेवल्या.

गिटारी थोडं पुढे जाऊन थांबल्या. चर्च शांत झालं, आणि त्या शांततेत सगळ्यांना तो श्वास ऐकू आला, फटीतून वारा ओढल्यासारखा. हॉर्न गुडघ्यांवर बसला. मान खाली, हात छातीवर. आणि त्या मंडळीनं काय करावं? ओळीओळीनं माना खाली घातल्या. हा प्रार्थनेला बसला असं वाटलं त्यांना! पाळकसाहेबांनी डोळे मिटले. वहिनी ड्रम ओलांडून धावली, झांज खाली आदळली, आणि ती किंचाळली, "अरे तो प्रार्थना करत नाहीये! त्याला श्वास घेता येत नाहीये!"

इस्पितळात आधी गळ्याला भोक पाडून नळी घातली. मग मोठं ऑपरेशन झालं आणि सगळा कंठच काढला. गाठ मानेत पसरली होती. डॉक्टरीणबाई वहिनीला जिन्यात भेटल्या. काही बोलल्या नाहीत, तिचा दंड धरून उभ्या राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, तिला कुणावर तरी संतापता आलं असतं.

चर्चमधले लोक फळं घेऊन भेटायला आले. तोंडानं सगळे चांगलंच बोलले. पण माणसांच्या डोळ्यांत दिसतं. एक म्हातारी परत जाताना दाराबाहेर दुसरीला म्हणाली, "स्वतःच मागितलं होतं गं त्यानं. देवानं ऐकलं." वहिनी आत नळी साफ करत होती. तिनं ऐकलं. हॉर्ननंही ऐकलं. तिनं रागानं दाराकडे पाहिलं, आणि मग त्याच्याकडे, तर तो मान हलवत होता. हो म्हणून.

तिथून तिची खरी लढाई सुरू झाली. माणूस वाचणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. पण देवानं आपल्याला खोटं ठरवलं असं मनात धरून त्यानं जावं, हे तिला मान्य नव्हतं. बाकी सगळं गेलं तरी चालेल, एवढं नको. ती त्याला म्हणायची, "गाठ होती. डेपोतल्या धुरानं झाली, बिड्यांनी झाली, कशानंही झाली. देवाचा काय संबंध?" तो पाटीवर लिहायचा, 'मी विचारलं. त्यानं सांगितलं.' बस. ती भांडायची, तो शांत. रागही नाही त्याला. तेच तिला सहन होत नव्हतं. एकदा त्यानं लिहिलं, 'तू हळू वाजवायचीस. कळायचं मला. बरं वाटायचं.' वाचून तिनं पाटी उलटी ठेवली आणि मोरीत जाऊन हमसून हमसून रडली.

तिनं पाळकसाहेबांना आणलं. रस्त्यातच बजावलं, "तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकेल." ते खाटेशेजारी बसले आणि म्हणाले, "अरे, देव असा नसतो. असा सूड घेत नाही तो." हॉर्ननं पाटी घेतली. 'तुम्हीपण आमेन म्हणाला होता.' पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. "सवयीनं म्हणालो रे," ते म्हणाले. "सवयीनं." हॉर्न नुसता हसला आणि त्यांचा हात थोपटला, म्हणजे बघा, यानंच त्यांची समजूत काढली. वहिनीनं हात टेकले.

बँड तिथेच संपला. धाकट्यानं राहिलेली गाणी बाहेर काढायची म्हटली, तर हॉर्ननं बोटानं नाही म्हटलं, आणि पुन्हा विचारू दिलं नाही. सुतारानं ड्रमसेट ताडपत्रीखाली झाकून ठेवला. ती जुनी रेकॉर्ड मात्र लोक अजून ऐकतात. धुलाईखात्यात एक नवा मुलगा आला होता, कानांत तारा घालून काम करणारा. त्याला कळलं ही कोण ते, तेव्हा कानांतल्या तारा काढून म्हणाला, "वहिनी, काय आवाज होता तो!" ती म्हणाली, "आवाज नव्हता बाबा तो. आजार होता." आणि पुढची चादर रुळात घातली. त्या पोराचा काही दोष नव्हता. पण ती तरी किती जणांचं मन राखणार?

पुढे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता घरीच ठेवा.

जेवणाआधी प्रार्थना करायची त्यांच्या घरात पद्धत होती आणि ती नेहमी हॉर्नच करायचा. आता त्याला आवाज नव्हता. तो ओठ हलवायचा आणि वहिनी ते वाचून मोठ्यानं म्हणायची. त्याच्या ओठांची तिला चांगली सवय झाली होती, एक शब्द चुकायचा नाही. पण रोज तो तेच म्हणायचा, 'मी विचारलं, तू उत्तर दिलंस, तुझा न्याय योग्य आहे,' आणि रोज ती तेवढं गाळून टाकायची. "प्रभो, या जेवणाबद्दल तुझे आभार," म्हणून मोकळी व्हायची. तो टेबलावर मूठ आपटायचा. पुन्हा ओठ हलवायचा. ती पुन्हा जेवणाचे आभार मानायची. "मी नाही म्हणणार ते," ती सांगायची, "माझ्या तोंडून नाही." सूप निवायचं, दोघं एकमेकांकडे बघत बसायची. मग तोच हार मानून चमचा उचलायचा.

त्या दुपारी त्याला उशांना टेकवून टेबलाशी बसवलं होतं. हात टेबलावर पडले होते, पण मूठ वळत नव्हती. त्यानं ओठ हलवले. तेच शब्द. वहिनीनं तोंड उघडलं, जेवणाचे आभार मानायला, आणि तिला दिसलं की तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघतोय. आज तो आपटणार नव्हता. आज ती जे म्हणेल तेच देवापर्यंत जाणार होतं, आणि पुन्हा सांगायला त्याच्याकडे ताकद उरली नव्हती. प्रार्थना त्याची होती. पटो न पटो, ती त्याची होती.

तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "प्रभो, मी विचारलं आणि तू उत्तर दिलंस. तुझा न्याय योग्य आहे. माझी काही तक्रार नाही." शब्द जिभेवर कडू लागले, पण तिनं एकही गाळला नाही.

त्यानं डोळे मिटले. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला. पण ती थांबली नाही.

"हे त्याचं झालं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "आता माझं ऐक. माझी तक्रार आहे. हा समजतो की तू याला खोटं ठरवलंस. ठरवलं असशील, तर तू याच्या लायकीचा नाहीस. आणि नसशील ठरवलं, तर हा येतोय तुझ्याकडे, लवकरच, तेव्हा याला तोंडावर सांग. मी सांगून थकले. माझं ऐकत नाही हा."

तिनं डोळे उघडले. हॉर्नचे खांदे हलत होते. आधी तिला वाटलं श्वास अडकला, ती खुर्चीवरून अर्धी उठली. मग दिसलं की तो हसतोय. आवाज नाही, नुसती नळीतून हवा, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. तिनं त्याच्या गळ्यापाशी ओला झालेला कापूस बदलला आणि निवलेलं सूप पुन्हा गॅसवर ठेवलं.